घोडा बदलायचा का?

ठासणीची जुनी बंदूक माझ्यासमोर आली की बहुतेक वेळा मोडलेला असतो तो घोडा. नळी शंभर-दोनशे वर्षं सहज काढते. कुंद्याला कीड लागली तरी तो आकार धरून राहतो. घोडा मात्र प्रत्येक बाराला आपटतो आणि कधीतरी मानेशी तुटतो. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो, "नवा बसवून मिळेल का?" मिळतो. पोलादाचा तुकडा, कानस, व्हाइस आणि चार दिवसांची सवड असेल तर हुबेहूब घोडा करता येतो. तो करावा की नाही, हे ठरवायला मला घोडा घडवायला शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

मी मूळचा टूलरूममधला फिटर. तिथे बंद पडलेली वस्तू चालू करणं हेच काम. झिजलेला भाग काढा, नवा करा, बसवा, जुना भंगारात टाका. पुढे संग्रहालयाच्या कामात आलो आणि धातूच्या वस्तूंचं जतन शिकू लागलो. तिथल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात दिला. मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे लिहायचं, काय करणार. उजवीकडे, ते केल्याने कायमचं काय जाणार. उजवा रकाना भरल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा म्हणाल्या, "तुमचे हात चांगले आहेत, म्हणूनच मला धास्ती वाटते. अडाणी माणूस स्क्रू तोडेल आणि थांबेल. तुम्ही थांबणार नाही."

तो कागद मी अजून वापरतो. गंज पॉलिश पेपरने काढणार असं डावीकडे लिहिलं, की उजवीकडे ओळींवर ओळी येतात. नळीवरचं कोफ्तगारीचं सोन्याचांदीचं काम फक्त वरवर ठोकून बसवलेलं असतं, ते जाईल. घडीव नळीच्या पोलादातली लाटांसारखी नक्षी झिजेल. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं जातील. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातल्या शस्त्रागाराच्या कित्येक हत्यारांवर अशी देवनागरी अक्षरं आणि आकडे आहेत. त्यांच्यावरूनच कोणतं हत्यार कोणत्या मोहिमेत हाती आलं ते कळतं, आणि त्यातली काही हत्यारं 1689 साली आदोनीत मिळालेली आहेत हेही त्यातूनच समजलं. अशा नळीवर कोणी हौसेने एक दुपार घासकाम केलं असतं तर ही माहिती जगातून गेली असती.

कागद भरण्याच्याही आधी एक काम असतं आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही. बंदूक भरलेली आहे का, ते बघायचं. घरात पिढ्यानपिढ्या पडून असलेल्या बंदुकीत बार तसाच असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. डुकरासाठी भरली, डुक्कर आलंच नाही, बंदूक आढ्याला टांगली, आणि भरणारा माणूस वारला. सोरा, गंधक आणि कोळशाची ती दारू कोरडी राहिली तर पन्नास-शंभर वर्षांनीही पेटते. लाकडाची बारीक काठी तोंडातून नळीत सोडायची, जिथे अडेल तिथे तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून बघायची. आतलं टोक कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत, पोचत असेल तर नळी रिकामी. चार बोटं आधीच अडत असेल तर आत काहीतरी आहे. अशी नळी मी एका घरात बघितली. त्याच घरात नातवंडं ती खांद्याला लावून फोटो काढत होती. त्या दिवशी घोड्याबिड्याचा विषयच निघाला नाही. पोलीस ठाण्याला कळवलं, परवानाधारक शस्त्रकारागीर आले, नळीत पाणी भरून ठेवलं, दारू पूर्ण भिजल्यावर बार बाहेर काढला. लिंबाएवढा चिंध्यांचा बोळा, काळा चिखल आणि शिशाच्या छर्‍यांची मूठ.

आता ज्या घोड्यामुळे माझं मत पक्कं झालं, त्याच्याकडे येतो. बंदूक कोकणातली, सिंधुदुर्गातल्या एका घराची. तिथे आणि रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही अनेक घरांत आहेत. डुक्कर, वानर, गवा यांच्यापासून भात, नारळ, काजू राखायला. निवडणूक लागली की त्या बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि नेमकं पीक उभं असलं तर शेतकरी हवालदिल होतात. ही बंदूकही परवान्यावरची होती, पण घोडा तुटल्यापासून नुसती भिंतीवर. घरातले काका वयाने मोठे, स्वभावाने ठाम. म्हणाले, "नवो घोडो घाला आणि घासून द्या. दसऱ्याक चकचकीत दिसाक व्हयी."

माझं काम मी परवानाधारक कारागिराच्या दुकानात बसूनच करतो. तिथे घोडा भिंगाखाली घेतला. मान तुटलेली होतीच, पण ती पहिल्यांदा तुटलेली नव्हती. आतल्या बाजूने पोलादाची एक पट्टी लावून दोन रिव्हेट मारले होते आणि सांध्यात पितळ ओतून झाळलं होतं. पितळ जुनं, तपकिरी पडलेलं. सांधा त्या पितळातूनच पुन्हा उलला होता. पट्टीवर बारीक तिरक्या रेघा दिसत होत्या. आधी वाटलं कानशीने घासल्याच्या खुणा असतील. भिंग बदललं, दिवा आडवा धरला, आणि दिसलं की त्या कानशीने घासल्याच्या रेघा नव्हत्या. पट्टीच कानशीची होती. झिजून टाकून दिलेल्या कानशीचा तुकडा कोणी लोहाराने कापला होता. वरचे दाते घासून टाकले होते आणि खालचे दाते तसेच राहू दिले होते.

फिटर असल्यामुळे पुढचं मला वाचता आलं. कानशीचं पोलाद कडक, त्याला भोक पडत नाही आणि ते ठोकलं तर फुटतं. म्हणजे लोहाराने आधी ती पट्टी तापवून सावकाश थंड केली असणार, पाणी उतरवलं असणार, मग भोकं पाडली, रिव्हेट बसवले आणि शेवटी पितळ सोडलं. खालचे दाते मुद्दाम ठेवले असावेत, पितळाला पकड मिळावी म्हणून. म्हणजे गावात कुठेतरी पोलादाचा स्वभाव पुरता ओळखणारा माणूस होता. त्याचं नाव काकांना माहीत नव्हतं, कागदावर कुठेही नव्हतं. त्याच्या अकलेचा पुरावा म्हणून उरली होती ती ही बोटाच्या पेराएवढी पट्टी. दात्यांच्या खाचांत कुंकू भरून राहिलेलं होतं, वर्षानुवर्षांच्या शस्त्रपूजेचं.

डावीकडे लिहिलं : जुना सांधा घासून काढणे, वेल्ड करणे. उजवीकडे : पट्टी, रिव्हेट, झाळ, लोहार. दुसरा पर्याय होता पुन्हा झाळायचा. पण पितळ वितळायला साधारण नऊशे अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या आचेत जुना काळा थर जातो, घोड्याच्या पोलादाचं उरलंसुरलं पाणी उतरतं आणि आधीचं पितळही वाहून जातं. तिसरा पर्याय, पूर्ण नवा घोडा. दिसायला सर्वांत सुंदर, आणि त्या बंदुकीशी त्याचा संबंध फक्त मापाचा.

मी यातलं काहीच केलं नाही. आधी खटक्याच्या मुख्य स्प्रिंगवरचा ताण उतरवला, कारण ताणाखाली वर्षानुवर्षं राहिलेली स्प्रिंग एक दिवस आपोआप तुटते. मग गंजाकडे वळलो. कोकणच्या हवेतलं मीठ लोखंडात मुरतं आणि पावसाळ्यात गंजावर घाम आल्यासारखे नारिंगी थेंब उभे राहतात. तो जिवंत गंज. तो थांबवला नाही तर खालचं लोखंड पापुद्र्यांनी सुटत जातं. काळा, घट्ट, गुळगुळीत गंज वेगळा. तो लोखंडाला धरून असतो आणि त्याला मी हात लावत नाही. नारिंगी गंज बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने उतरवला, मीठ धुऊन काढलं, पूर्ण कोरडं केलं आणि टॅनिक आम्ल लावलं. लोखंडाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा थर बसतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून पोथ्यांची शाई करत, त्यातही हेच रसायन. वरून मेणाचा हात दिला. सांधा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्या रेझिनने जोडला, फक्त स्वतःचं वजन पेलण्यापुरता. उद्या माझ्याहून जाणता कोणी आला तर पाच मिनिटांत माझं काम काढून टाकू शकेल. जतनाच्या कामात मी सर्वांत जास्त याच गोष्टीची काळजी घेतो.

काकांना पट्टी दाखवली. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पण पूजेक चलात ना?" मी म्हटलं, "चालेल काका, फक्त हळदकुंकू पाटावर वाहा, लोखंडावर नको. आणि खोबरेल लावू नका." खोबरेलाचा तेलकट थर राहतो, त्यात धूळ बसते, आणि खवट झालेलं तेल पितळी पट्ट्यांवर हिरवं चढतं. खोबरेलाचं त्यांनी मान्य केलं. कुंकवाचं अर्धंच, आता ते कुंद्याच्या लाकडावर एक टिळा लावतात. तो त्यांच्या घरचा धर्म आहे आणि बंदूकही त्यांची. माझं म्हणणं मी त्यापुढे रेटत नाही.

प्रत्येक मालक असा नसतो. पुण्या-मुंबईत जुन्या हत्यारांचा शौक वाढला आहे आणि 'शिवकालीन' हा शब्द जोडला की किंमत वाढते. एका संग्राहकांकडे एक लांब नळीची बंदूक होती. मूळची तोडेदार, म्हणजे तोड्याची पेटती वात रंजकाच्या दारूवर टेकवून उडवायची. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी तिची रंजकाची वाटी कापून तिथे टोपी चढवायचं निपल बसवलं, तोड्याचा चाप काढून बाजूला घोडा लावला आणि ती टोपीची केली. कोकणात ज्याला केप म्हणतात ती टोपी. ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट इंग्लंडात 1807 साली फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने घेतलं. आपल्या गावागावांतल्या कारागिरांनी ती युक्ती पुढच्या काही दशकांत जुन्या नळ्यांवर उतरवली. पावसात तोडा विझायचा, टोपी विझत नव्हती. गरज उघड होती.

संग्राहकांचं म्हणणं असं, की निपल काढा, कान उघडा, वाटी नवी घडवा आणि बंदूक 'मूळ रूपात' आणा. हे मला जमलं असतं. वाटी घडवणं घोड्याहून सोपं. पण ती वाटी कशी होती, ते कोणाला ठाऊक? झाकण फिरतं होतं की सरकतं, कान मोकळा करायची सुई अडकवायला साखळी होती की नव्हती? मी जे केलं असतं ते दुसऱ्या बंदुकांवरून बांधलेल्या अंदाजाचं लोखंड झालं असतं. आणि तो अंदाज बसवण्यासाठी खरीखुरी, एका माणसाने विचार करून केलेली दुरुस्ती फेकून द्यावी लागली असती. वास्तूंच्या जतनाची व्हेनिसची सनद 1964 साली आली. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे त्या सनदेतलं तत्त्व मी लोखंडालाही लावतो. मी नकार दिला. नंतर त्यांनी ते काम दुसरीकडून करून घेतलं. आता ती बंदूक दिवाणखान्यात 'शिवकालीन' म्हणून टांगलेली आहे. याचं मला आजही वाईट वाटतं. चांगली जुनी वस्तू होती, आता ती अर्धी खोटी झाली.

एन्फिल्डची गोष्ट याच्या उलट बाजूची. 1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल म्हणजे जिच्या काडतुसांवरून 1857 चा वणवा पेटला ती. नळीच्या आत पिळाच्या खाचा, भोक .577 इंच, भरायची मात्र तोंडाकडूनच. एका घरातून तशी दिसणारी बंदूक आली. नळीच्या आत खाच नाही, सगळं सपाट. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की वापरून खाचा झिजल्या, नव्या पाडून घ्या, म्हणजे 'असली रायफल' होईल. भोक मोजलं. साधारण .65 इंच. वापराने नळी झिजते, पण एवढी आणि एवढी एकसारखी झिजत नाही. लांब पल्ल्यासाठी उभी करायची मागची शिडीही नव्हती, नुसता एक खाचेचा ठोकळा. बंदूक झिजलेली नव्हती. ती तशीच बनवली होती. बंडानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातात अचूक रायफल द्यायचं थांबवलं आणि बाहेरून एन्फिल्डसारखी पण आतून गुळगुळीत, जवळच्याच पल्ल्याला उपयोगी अशी बंदूक दिली. त्या सपाट नळीत एका सरकारची भीती नोंदलेली आहे. खाचा पाडल्या असत्या तर ती पुसली गेली असती, आणि घरच्यांना वाटलं असतं की आपण बंदूक सुधारली.

त्यामुळे आता 'काय मोडलं आहे?' याच्या आधी मी विचारतो, 'खरंच मोडलं आहे का?'

याचा अर्थ मी काहीच बदलत नाही असा नाही. परवान्यावर आजही वापरात असलेल्या बंदुकीचा प्रश्न वेगळा. निपलचं भोक प्रत्येक टोपीच्या जाळाने मोठं होत जातं आणि एका टप्प्यानंतर जाळ उलटा, डोळ्यांकडे येतो. ते बदललंच पाहिजे. त्या काळीही ते बदलतच असत. निपल, गारगोटी, तोडा, चामड्याच्या बांधण्या हे खर्चायचेच भाग. पण ते परवानाधारक दुकानात बदलायचं, गावच्या गॅरेजमध्ये नाही, आणि काढलेलं निपल पुडीत घालून, तारीख लिहून बंदुकीसोबत ठेवायचं. नळीला चीर असेल तर मी सरळ सांगतो की ही बंदूक आता उडवायची नाही. नळीवर वेल्डिंग केलेल्या बंदुकीसमोर मी उभासुद्धा राहणार नाही, मागे तर नाहीच नाही.

संग्रहालयातही कधी नवा भाग करावा लागतो. कुंदा आणि नळी एकमेकांना धरून राहत नसतील तर गेलेली बांधणी पुन्हा बांधावी लागते, एखादा स्क्रू करावा लागतो. स्क्रू हे तर फिटरचं खरं दुखणं. व्हिटवर्थने आट्यांचं एकच प्रमाण 1841 साली सुचवलं, आणि ते सगळीकडे रुळायलाही वेळ लागला. त्याआधीचा प्रत्येक स्क्रू आपल्या भोकापुरताच. बाजारातला स्क्रू जबरदस्तीने पिळला की भोकातले जुने आटे गेले. म्हणून मी आटे हाताने पाडतो आणि नव्या स्क्रूच्या न दिसणाऱ्या तोंडावर साल ठोकतो. सहा फुटांवरून कळू नये, सहा इंचांवरून लपू नये, असं आमच्या धंद्यात म्हणतात. माझ्या पश्चात कोणी भिंग घेऊन बसला तर माझ्या स्क्रूने त्याला फसवता कामा नये.

मोडक्या बंदुकीबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण यात घरंच्या घरं अडचणीत येतात. "मोडकी आहे, तिला कसला परवाना?" हे वाक्य मी सारखं ऐकतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशांनाच. घोडा तुटलेली बंदूक नव्या घोड्याने उडू शकते, म्हणजे ती कायद्याच्या नजरेत बंदूकच. आजोबांच्या नावचा परवाना आजोबांबरोबर संपतो. तो वारसाच्या नावे करून घ्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुराणवस्तू कायद्यातही येते, ती परदेशी धाडता येत नाही. परदेशातल्या नातवाला आठवण म्हणून पाठवायची असेल तर फोटो पाठवा.

तुमच्या माळ्यावर अशी बंदूक असेल तर माझी विनंती एवढीच. तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडे वळवू नका, चाप ओढून बघू नका, भरलेली असल्याची शंका आली तर पोलीस ठाण्याला कळवा. परवान्याचा कागद शोधा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू यांपासून ती लांब ठेवा. ते तांब्याच्या हंड्याला ठीक, लोखंडाला नाही. ओल्या भिंतीवरून उतरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळा. सुटून पडलेला स्क्रू, तुटलेला घोडा, चामड्याचा तुकडा, काहीही फेकू नका. एका पिशवीत घालून बंदुकीला बांधून ठेवा. आणि कोणी नवा घोडा बसवून देतो म्हणाला, तर आधी त्याला जुन्याची आतली बाजू भिंगाने बघायला सांगा.